पालारच्या विहिरी: क्रोमचं नाव, मिठाचं काम

नव्या तुकडीचा पहिला तास मी गॅसच्या शेगडीजवळ घेतो. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं आणि तोवर कातड्याच्या दोन पट्ट्या कागदावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवायची. एक पट्टी जुन्या कोल्हापुरी चपलेच्या कानाची, दुसरी ऑफिसात घालायच्या काळ्या बुटाच्या वरच्या भागातून कापलेली. पाणी खळखळायला लागलं की दोन्ही आत. तीन मिनिटं. चिमट्यानं बाहेर काढल्यावर कोल्हापुरीची पट्टी आक्रसून, पिळवटून, वाळक्या चिंचेसारखी झालेली असते. थंड झाली की कडक होते आणि वाकवली तर तडकते. बुटाची पट्टी पुन्हा कागदावर ठेवली तर पेन्सिलीच्या रेषेत बसते.

टॅनरीतले, म्हणजे कातडं कमावायच्या कारखान्यातले लोक याला बॉइल टेस्ट म्हणतात. ढोलातून, म्हणजे कातडी कमावायच्या फिरत्या लाकडी पिंपातून काढलेल्या कातड्याच्या कडेचा तुकडा कापून उकळत्या पाण्यात टाकायचा. आक्रसला नाही तर माल पास. क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारानं कमावलेलं कातडं जगभर का पसरलं, याचं निम्मं उत्तर त्या पातेल्यात आहे. उरलेलं निम्मं तमिळनाडूतल्या पालार नदीच्या काठावर आहे आणि या लेखात मला त्याबद्दल लिहायचं आहे.

वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम विरुद्ध भारत सरकार हा टॅनऱ्यांच्या सांडपाण्यानं नासलेल्या पालारकाठाबद्दलचा 1996 चा निकाल कायद्याच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना पाठ असतो. 'प्रदूषण करणाऱ्यानं भरपाई द्यावी', 'सावधगिरीचं तत्त्व', 'शाश्वत विकास' हे तीन शब्दप्रयोग आणि पुढे निकालाची तारीख. ही मुलं कधी माझ्या वर्गात आली तर एक वाक्य हमखास म्हणतात: "क्रोमियमनं पालार मारली." मला ते वाक्य अर्धंच पटतं. क्रोम निर्दोष आहे असं नाही, पण त्या विहिरी ज्यानं नासल्या तो पदार्थ आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात बरणीत आहे.

क्रोम आलं कसं

कातडं कमावायचं म्हणजे ते कुजू नये, वाळून लाकडासारखं होऊ नये अशी सोय करायची. आपल्याकडे हे काम बाभळीची साल, हिरडा आणि तरवड यांवर चालत आलं. कोल्हापूर भागात कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात सालीचा आणि हिरड्याचा काढा भरायचा आणि ती टांगून ठेवायची ही जुनी रीत. काढा झिरपत राहतो, पुन्हा ओतत राहायचा. तमिळ मुलखात तरवडालाच आवारम म्हणतात. त्याच्या सालीत कमावलेलं फिक्या रंगाचं कातडं मद्रास बंदरातून विलायतेला जायचं आणि बाजारात त्याचं नावच 'ईस्ट इंडिया' पडलं होतं. या पद्धतीला आठवडे लागतात, जाड कातड्याला महिने.

क्रोमची कल्पना युरोपात 1858 मध्ये फ्रिडरिश क्नाप यांनी मांडली, पण तिचा धंदा अमेरिकेत उभा राहिला. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी 1884 मध्ये दोन टाक्यांच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि मार्टिन डेनिस यांनी 1893 मध्ये एकाच टाकीतली सोपी पद्धत आणली. आठवड्यांचं काम दिवसावर आलं.

भारतात ती आणणारे आल्फ्रेड चॅटर्टन हे मद्रासचे इंग्रज अधिकारी. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी तिथल्या सरकारी कला शाळेत क्रोमचे प्रयोग सुरू केले. त्यांच्या डोळ्यांसमोर पहिला उपयोग होता तो बुटाचा नव्हे, मोटेचा. बैल जुंपून विहिरीतून पाणी उपसायची ती कातडी मोट आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते. दिवसभर पाण्यात राहून सालीचं कातडं सडायचं आणि मोट सारखी बदलावी लागायची. क्रोमचं कातडं पाण्यात टिकतं, म्हणून शेतकऱ्याला स्वस्त पडेल असा हिशेब होता. विहिरीतून पाणी काढायला आणलेलं क्रोम शेवटी विहिरींच्याच खटल्यात आरोपी म्हणून उभं राहिलं! पुढे जी. ए. चेंबर्स यांनी पल्लावरमजवळ क्रोम लेदरचा मोठा कारखाना काढला. चेन्नईचं क्रोमपेट हे उपनगर आजही त्या कारखान्याचं नाव चालवतं. रसायनाचं नाव लावणारं गाव मला तरी दुसरं माहीत नाही.

तरी पालारकाठी क्रोम खऱ्या अर्थानं शिरलं ते सरकारी धोरणामुळे, आणि निकाल शिकवताना हा भाग कुणी सांगत नाही. 1972 मध्ये सीतारामय्या समितीनं सांगितलं की कच्चं आणि अर्धवट कमावलेलं कातडं परदेशी पाठवून आपण पैसा सोडतो आहोत. तयार चामडं आणि वस्तू पाठवा. कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर बंदी आली, अर्धवट मालाला कोटा लागला. सल्ला व्यापाराच्या दृष्टीनं बरोबरच होता. पण तयार चामडं म्हणजे बुटाचं, हातमोज्याचं, जाकिटाचं चामडं, आणि ते जगात क्रोमचंच विकलं जातं. वाणियंबाडी, आंबूर, पेरनांबट, मेलविशारम, राणीपेट या गावांतल्या टॅनऱ्यांनी सालीच्या कुंड्या बाजूला सारून लाकडी ढोल बसवले.

ढोलात काय होतं

कातड्यातलं कोलॅजन म्हणजे तीन पिळांचा दोर समजा. वनस्पतीतलं टॅनिन त्या दोरांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं, त्यामुळे चामडं भरीव, ताठ, बदामी होतं आणि पायाचा आकार घेतं. क्रोम वेगळं वागतं. ते दोरांमध्ये फटी भरत नाही, एका दोराला दुसऱ्याशी टाके घालतं. प्रमाण थोडं, पण टाके पक्के. कच्चं कातडं साठ-पासष्ट अंशांना आक्रसतं, सालीचं सत्तर ते पंच्याऐंशीच्या दरम्यान, क्रोमचं शंभराला दाद देत नाही.

ढोलात कातडी, पाणी, मीठ आणि आम्ल घालून फिरवतात, पीएच तीनच्या आसपास आणतात. एवढ्या आंबट पाण्यात क्रोम लगेच चिकटत नाही, म्हणून ते आतपर्यंत जाऊ शकतं. मग बेसिक क्रोमियम सल्फेटची हिरवी पूड टाकतात. काही तासांनी कारागीर कातड्याच्या जाड भागातून एक काप घेऊन कड बघतो: निळा रंग दोन्ही बाजूंनी येऊन मधोमध मिळाला की नाही. मध्ये पांढरी रेघ दिसली तर ढोल अजून फिरवायचा. मिळाला की सोडा थोडा थोडा घालत पीएच चारकडे न्यायचा आणि टाके घट्ट होतात. बाहेर येतं ते 'वेट ब्लू', नीळ जास्त झालेल्या धोतरासारखं ओलं निळसर कातडं. त्याला मग हवा तो रंग, हवं तेवढं तेल, हवा तसा चेहरा देता येतो.

त्याचे उपयोग तुमच्या घरातच मोजा. ऑफिसचे बूट, स्पोर्ट्स शूजमधलं खरं चामडं, पर्स, पाकीट, घड्याळाचा मऊ पट्टा, सोफा, महागड्या गाडीच्या सीटा, दुचाकीवाल्यांची जाकिटं. बुटाच्या कारखान्यात वरचं चामडं कलबुतावर ओढताना गरम करतात, तळ चिकटवताना पुन्हा गरम करतात. सैनिकांच्या बुटाला तर रबरी तळ जागेवरच शिजवून बसवतात. एवढी उष्णता सालीच्या चामड्याला सोसत नाही. भोसरीच्या किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत वेल्डरच्या हातात जे जाड करडे-निळसर हातमोजे दिसतात, तो तर बिनरंगवलेला क्रोमच, आतल्या थराचा. उलट कोल्हापुरी, घोड्याचं सामान, जाड कमरपट्टा, चामडी तळ या ठिकाणी सालच बरी, कारण तिथे ताठपणा हवा. आणि तबल्या-ढोलकीचं पान मुळात कमावलेलंच नसतं. ते कच्चं कातडं. सगळं चामडं एका मापानं मोजता येत नाही ते यामुळे.

मीठ

आता तोच ढोल सोडून चार पावलं मागे या, टॅनरीच्या दाराशी.

जनावराचं कातडं काढल्यापासून काही तासांत सडायला लागतं. ते टॅनरीपर्यंत पोचेस्तोवर टिकावं म्हणून त्याला मीठ चोळतात. आपण कैरीला लावतो तसं चिमूटभर नाही. कातड्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. ट्रकमधून उतरलेल्या घड्या उलगडल्या की जाडं, मळकट, रक्तानं तांबूस झालेलं मीठ जमिनीवर पडतं. उरलेलं कातड्यातच असतं आणि ते काढायला पहिलं काम म्हणजे कातडी पाण्यात भिजवणं. त्या पहिल्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे वीस हजार मिलिग्रॅमच्या वर सहज जातात. बाहेर सोडायच्या पाण्याची मर्यादा 2,100 आहे.

यात क्रोमचा अजून पत्ताच नाही. ते कातडं पुढे सालीत गेलं काय आणि क्रोममध्ये गेलं काय, मिठाचं पाणी तेवढंच. क्रोमच्या वाटेवर ढोलात आम्ल घालताना आणखी थोडं मीठ पडतं आणि सल्फेट वाढतं, एवढाच फरक. म्हणूनच 'क्रोम-फ्री' असं लिहिलेलं बॅगचं लेबल बघून मी पहिला प्रश्न विचारतो तो कातडं ताजं आलं होतं की खारवलेलं.

क्षार आणि क्रोम जमिनीत वेगवेगळ्या वाटेनं जातात. ढोलातल्या क्रोमपैकी साठ-सत्तर टक्के कातडं घेतं, बाकी पाण्याबरोबर जातं. पण ते तीन-संयुजी क्रोमियम, क्रोमियमचं कमी घातक रूप. चुन्याच्या पाण्याशी गाठ पडली, पीएच सातच्या आसपास गेला, की त्याचा हिरवट गाळ होऊन तळाशी बसतो. नाल्याच्या चिखलात, शेताच्या वरच्या थरात ते साचतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. सहजी खाली विहिरीपर्यंत जात नाही. मिठाला असं अडवणारं काही नाही. पाणी जिथे जातं तिथे ते जातं.

पालारबद्दल हे विशेष लागू पडतं. कर्नाटकात नंदी टेकड्यांत उगम, थोडी आंध्रातून, मग तमिळनाडूतून समुद्राला. नावाचा अर्थ दुधाची नदी, पण वर्षातला बराच काळ पात्रात पांढरी वाळूच दिसते. पाणी वाळूखालून वाहतं आणि काठच्या विहिरी त्यावर चालतात. वाहत्या नदीत टाकलेलं मीठ निदान समुद्राकडे निघून जातं. इथे ते वाळूतून उतरून थेट विहिरीच्या झऱ्यात गेलं. शेतकऱ्यानं तेच पाणी भाताला आणि नारळाला दिलं, पाणी उडून गेलं, मीठ मातीत राहिलं. सोडियम जास्त झालेली माती चिकटते, वाळली की दगड होते, पाणी आत घेत नाही. सांगली-कोल्हापूरचे ऊसवाले अशा जमिनीला चोपण म्हणतात, आणि अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला तर विहिरीचं खारट पाणी समजावून सांगायची गरजच नाही.

खटला

वेल्लोरच्या नागरिकांच्या मंचानं 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयात थेट रिट दाखल केलं. वकील एम. सी. मेहता. कानपूरच्या जाजमऊमधल्या टॅनऱ्या आणि गंगा यांबद्दलचा 1987 चा आदेश त्यांच्याच याचिकेवर झाला होता, त्यामुळे कातड्याचा धंदा त्यांना नवा नव्हता.

निकालपत्र मी मुलांना मुळातून वाचायला लावतो, कारण त्यातले आकडे सारांशात गळून जातात. वेल्लोरच्या कृषी विद्यापीठ केंद्राच्या पाहणीत टॅनरी पट्ट्यातली जवळजवळ 35,000 हेक्टर जमीन अंशतः किंवा पूर्णपणे लागवडीला निरुपयोगी झालेली आढळली. दिंडिगल भागातल्या 13 गावांत एका स्वयंसेवी संस्थेनं विहिरी तपासल्या: 467 पैकी 350 खराब. बायकामुलांना पिण्याच्या पाण्यासाठी मैलोगणती चालावं लागत होतं. एक किलो तयार चामड्यामागे 35 लिटर पाणी लागतं आणि क्रोमच्या पद्धतीत सुमारे 170 प्रकारची रसायनं वापरली जातात, असंही न्यायालयानं नोंदवलं आहे. त्या रसायनांची यादी जिथे सुरू होते तिथे पहिलं नाव सोडियम क्लोराइडचं आहे. मीठ. वाचणारे तिथून पुढे सरकतात आणि क्रोमियम सल्फेटवर थांबतात. मीठ नावाला भीती नाही, हे त्याचं खरं भाग्य.

दुसरा आकडा मला त्याहून बोलका वाटतो. एकट्या नॉर्थ अर्काट आंबेडकर (म्हणजे नंतरच्या वेल्लोर) जिल्ह्यात 584 टॅनऱ्या होत्या. त्यांतल्या 443 जणांनी प्रदूषण मंडळाकडे संमतीसाठी अर्ज केला होता. सरकारनं सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा उभारायला 31 जुलै 1985 पर्यंत मुदत दिली होती. न्यायालयासमोर आलेल्या प्रतिज्ञापत्रानुसार यंत्रणा उभारल्या 33 जणांनी. सबसिडी देऊ केली होती, अनेक टॅनऱ्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करायच्या सामायिक केंद्रांची योजना होती, मुदती वाढत गेल्या होत्या.

यात टॅनरीवाल्यांचा आडमुठेपणा होता हे उघड आहे. पण यातल्या बऱ्याच टॅनऱ्या म्हणजे चार ढोल आणि दोन कुंड्या, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत. स्वतःची शुद्धीकरण यंत्रणा बसवायला त्यांच्याकडे जागाही नव्हती. म्हणून उपाय सामायिक केंद्राचाच होता. न्यायालयानं नागपूरच्या नीरीला, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला, पाहणीला पाठवलं. पाच जिल्ह्यांत अशा केंद्रांसाठी 30 जागा ठरल्या होत्या. नीरीनं सांगितलं, चालू 7, बांधकाम सुरू 10, कागदावर 13.

निकाल लागला 28 ऑगस्ट 1996 रोजी, न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या पीठाकडून. चामड्याचा धंदा परकीय चलन आणतो, देशाच्या तयार चामड्याच्या निर्यातीत तमिळनाडूचा वाटा सुमारे 80 टक्के आहे, हे न्यायालयानं आधीच मान्य केलं आणि मग सांगितलं की यामुळे जमीन-पाणी नासायचा हक्क मिळत नाही. पाच जिल्ह्यांतल्या प्रत्येक टॅनरीला 10,000 रुपये दंड. 30 नोव्हेंबर 1996 पर्यंत यंत्रणा उभारून संमती मिळवायची, नाहीतर टाळं. केंद्रानं पर्यावरण संरक्षण कायद्याखाली एक प्राधिकरण नेमायचं, वर निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायाधीश. त्यानं नुकसान मोजायचं, भरपाई वसूल करायची, आणि मोडलेली जमीन सुधारायला पैसा लावायचा. मद्रास उच्च न्यायालयात यासाठी खास हरित पीठ बसवायची विनंती. मेहतांना 50,000 रुपये फी.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी एक टीप. प्रदूषकानं भरपाई द्यावी हे तत्त्व याच वर्षी फेब्रुवारीत राजस्थानातल्या बिच्छ्री प्रकरणात आधी वापरलं गेलं होतं. वेल्लोरनं त्याला सावधगिरीच्या तत्त्वाची जोड दिली, दोन्ही भारतीय कायद्याचाच भाग आहेत असं ठरवलं, आणि आपलं काम निर्धोक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी कारखानदारावर टाकली.

केंद्रं चालू झाली, विहिरी खारटच

टाळ्याच्या भीतीनं काम हललं. सामायिक केंद्रं उभी राहिली. टॅनऱ्यांपासून तिथवर नळ आले. क्रोमसाठी तर चांगली सोय झाली: क्रोमचं पाणी बाकीच्या पाण्यात मिसळू न देता वेगळं घ्यायचं, मॅग्नेशियम ऑक्साइड घालून त्याचा गाळ बसवायचा, तो गंधकाम्लात विरघळवून पुन्हा ढोलात वापरायचा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं हे तंत्र टॅनऱ्यांपर्यंत पोचवलं. पुढे पाण्याशिवाय क्रोम लावायची पद्धतही तिनेच काढली. क्रोम महाग आहे, वाया गेलेलं परत मिळालं तर मालकाचाच फायदा. म्हणून सांगावं लागलं नाही. मिठाचा भाव काय? ते परत मिळवून कोण काय कमावणार?

सामायिक केंद्रात जिवाणूंच्या टाक्या असतात. त्या रक्त, चरबी, केस, प्रथिनं खातात. क्रोम गाळात बसतं. मीठ मात्र जसं आत येतं तसंच बाहेर जातं. जिवाणू मीठ खात नाहीत. म्हणजे निकालाप्रमाणे यंत्रणा बसली, पाण्याचा वास गेला, रंग गेला आणि शेताच्या दृष्टीनं ते पाणी होतं तसंच राहिलं. शेवटी न्यायालयीन दट्ट्यानंतर केंद्रांना शून्य विसर्गाकडे जावं लागलं: आरओच्या पडद्यातून पाणी गाळायचं, गोडं पाणी टॅनरीला परत, उरलेलं खारं पाणी वाफेवर आटवायचं. वीज आणि जळण दोन्ही खातं हे काम.

मग क्रोमचा गुन्हा कुठे

आहे, आणि मोठा आहे, पण टॅनरीत नाही. राणीपेटच्या औद्योगिक वसाहतीत तमिळनाडू क्रोमेट्स अँड केमिकल्स नावाचा कारखाना होता. टॅनऱ्यांना लागणारी क्रोमची पूड आणि ती ज्यापासून बनते ते सोडियम डायक्रोमेट तिथे व्हायचं. खनिजातलं क्रोमियम आधी भट्टीत सहा-संयुजी करावं लागतं, मग त्याला पुन्हा तीनवर आणून टॅनरीला विकतात. तीन-संयुजी चिखलात बसून राहतं. सहा-संयुजी पिवळं असतं, पाण्यात लगेच विरघळतं, मिठासारखंच कुठेही जातं, आणि ते कर्करोगकारक आहे. कारखाना 1990 च्या दशकाच्या मध्याला बंद पडला आणि मागे सुमारे दीड लाख टन कचऱ्याचा ढीग ठेवून गेला. एका अमेरिकी संस्थेनं 2006 मध्ये जगातल्या सर्वाधिक प्रदूषित दहा जागांची यादी केली, तिच्यात राणीपेट आलं. बातम्यांत त्याचं खापर सरसकट 'टॅनऱ्यांवर' फुटलं.

तयार चामड्यातही तीनचं सहा होऊ शकतं. चुकीचं तेल, फार कोरडी हवा, उन्हात तापलेला कंटेनर एवढं पुरतं. म्हणून युरोपनं 1 मे 2015 पासून अंगाला लागणाऱ्या चामड्यात सहा-संयुजी क्रोमियम किलोमागे 3 मिलिग्रॅमच्या वर चालणार नाही असं ठरवलं. आपले निर्यातदार आता थोडं वनस्पती टॅनिन क्रोमनंतर मुद्दाम लावतात. बाभूळ-हिरड्याच्या जातीचा पदार्थ पुन्हा ढोलात आला तो असा मागच्या दारानं. (क्रोम चामड्याचे तुकडे जाळून बघायचा प्रयोग मी मुलांना करू देत नाही, कारण जाळतानाही सहा-संयुजी तयार होतं. राख हिरवट होते एवढं तोंडी सांगतो.)

आणि गाळ. सामायिक केंद्रांनी जे क्रोम पाण्यातून काढलं ते गाळात साठत गेलं. 31 जानेवारी 2015 च्या पहाटेआधी राणीपेटच्या वसाहतीतल्या एका केंद्राच्या गाळाच्या टाकीची भिंत कोसळली. भिंतीपलीकडच्या टॅनरीत कामगार झोपले होते. दहा जण गेले, बहुतेक पश्चिम बंगालमधून पोटासाठी आलेले.

भरपाई

प्राधिकरणानं 2001 मध्ये निवाडा देऊन शेतकऱ्यांची भरपाई ठरवली. त्यानंतर कोण पात्र, किती काळापर्यंतचं नुकसान धरायचं, पुढच्या वर्षांचं काय, यावर कज्जे चालू राहिले. नंतर खराब झालेल्या जमिनींचा हिशेब धरलाच जात नव्हता. 30 जानेवारी 2025 रोजी, टाकी फुटली त्याला दहा वर्षं पुरी व्हायला एक दिवस असताना, सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांच्या पीठानं पुन्हा आदेश दिला: राज्यानं राहिलेली भरपाई सहा आठवड्यांत द्यावी आणि टॅनऱ्यांकडून वसूल करावी, निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी, आणि नुकसान भरून येईपर्यंत प्रदूषकाची जबाबदारी संपत नाही. याचिका दाखल झाली तेव्हा जन्मलेलं मूल या आदेशाच्या दिवशी तेहतीस-चौतीस वर्षांचं होतं. जुने नॉर्थ अर्काट आंबेडकर, मग वेल्लोर, आणि 2019 मध्ये त्याचेही तीन तुकडे. ज्या जिल्ह्याच्या नावानं खटला लागला तो जिल्हाही त्या आकारात उरला नव्हता.

मिठाचं सांगायचं राहिलं. आटवणीच्या यंत्रातून जे बाहेर पडतं ते शुद्ध मीठ नसतं. त्यात सोडियम क्लोराइड असतं, सल्फेट असतं, थोडा सेंद्रिय मळ असतो, रंग करडा-तपकिरी. ते खाता येत नाही, त्याच मिश्रणानं कातडं पुन्हा खारवायला टॅनरीवाला तयार नसतो, आणि वेगवेगळं करायचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त. म्हणून केंद्रांच्या आवारात पोत्यांवर पोती रचून ते छपराखाली ठेवलेलं असतं. छप्पर गळून पोती भिजली तर ते पाणी उतारानं जाणार ते पालारकडेच.